शशी, तुझा डबा भरलेला परत आला

प्रिय शशी,

काल आपल्या कॉलेजचा मेळावा झाला. आज सकाळी तुझा डबा घासून ओट्यावर पालथा घातला, हात पुसले आणि लिहायला बसले. आधी सवयीनं फोनच उचलला होता. तुझा नंबर लावला की हल्ली एक बाई तो बंद असल्याचं सांगते, तेही किती गोड आवाजात. तिच्याशी काय बोलणार? म्हणून हे पत्र.

तू ऑगस्टात गेलीस. तेव्हापासून मी एका कामाच्या आधारावर उभी होते. तुझ्या नावाचा डबा डिसेंबरच्या मेळाव्याला न्यायचा, चादरीखाली ठेवायचा, आणि कुणीतरी तो ओढून खाल्ला की मग खुशाल अंथरुणाला खिळायचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढंही माझ्याकडून झालं नाही गं.

होस्टेल सांभाळणाऱ्या मिंज मॅडमची ती चादर आठवते तुला? निळ्या चौकड्यांची, होस्टेलच्या पलंगावरची. नाताळच्या सुट्टीआधी कॉलेजच्या हॉलमध्ये दोन लांब टेबलं लागायची, एक शाकाहारी, एक दुसरं. सगळ्यांचे डबे त्यावर आणि डब्यांवर चादर. जशपूरकडच्या ख्रिस्ती मुली, माझ्यासारख्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, तुझ्यासारख्या रेल्वे कॉलनीतल्या, शिवाय वर्गातली मुलं, सगळ्यांनी चादरीखाली हात घालून एक डबा ओढायचा. आपलाच हाती आला तर मुकाट्यानं परत ठेवायचा. मॅडमचा नियम एकच होता, आपला डबा आपण खायचा नाही. जेवणाआधी त्या डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभु, जिसने बनाया, उसका भी पेट भर." आणि तू डोळे उघडे ठेवून कोणता डबा जड आहे ते हेरत असायचीस.

तिथेच मी पहिल्यांदा तुझ्या घरची पुडाची वडी खाल्ली. आत सांभार, हिरवीगार कोथिंबीर नुसती, खच्चून भरलेली. आमच्या घरीही सांभाराच्या वड्या व्हायच्या, पण त्या तुझ्या वडीपुढे अगदीच मवाळ. मी डबा चाटूनपुसून परत केला तेव्हा तू म्हणालीस, "काहून वं, घरी जेवाले देत नाहीत का तुले?" अशी आपली ओळख झाली. त्यानंतर आपण कधी एकमेकींना सोडलं नाही, आणि आता बघ, तू खुशाल सोडून गेलीस.

कॉलेज संपलं, लग्नं झाली, आपलं रायपूर राजधानी झालं, पण मेळाव्याला डबे येत राहिले. मिंज मॅडम गेल्या त्या वर्षी आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. तू मात्र न सांगता मॅडम करायच्या तसा तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा करून आणलास आणि चादरीखाली सरकवलास. ज्याच्या हाती तो लागला त्यानं झाकण उघडलं आणि तू म्हणालीस, "मॅडमचा डबा हाय तो. नीट खाजो." सगळ्यांनी त्यातला घास घास मागून घेतला. तेव्हापासून ती रीतच पडली. जो गेला त्याच्या हातचा पदार्थ त्याच्या जिवाभावाच्या माणसानं पहिल्या वर्षी करून आणायचा. ही रीत तुझी, शशी. फोटोला हार घालण्यापेक्षा कितीतरी चांगली.

त्याच दिवशी परत येताना रिक्षात तू मला म्हणालीस, "माहा डबा तू आनजो, तुहा मी आनीन. जे मांगं राहीन तिनं." मी तुला गप्प बसवलं. अशा गोष्टी बोलू नयेत म्हणाले. आणि मनात मात्र हिशेब केला की मी तुझ्याहून मोठी, बीपीची, मीच आधी जाणार. मला किती निर्धास्त वाटायचं माहीत आहे?

दिवाळीनंतर विनयचा मेसेज आला. तुझा विन्या, आपल्या मागच्या बॅचचा, जो चादरीखालून दोन दोन डबे ओढायचा. आता तोच मेळाव्याचा सगळा कारभार बघतो. हॉलचं छत गळतं, तेव्हा यंदा नव्या रायपूरला एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात जमायचं, असं त्यानं कळवलं. मी लगेच फोन केला. "विनय, डबे?"

"अरे कुमुद दीदी, अब इस उमर में कौन डब्बा ढोएगा? केटरिंग है ना. लाइव डोसा भी है."

"शशीचं पहिलं वर्ष आहे रे."

 त्यावर तो म्हणाला, "हव दीदी, मालूम है. उनके लिए स्क्रीन पर स्पेशल रखा है."

मला वाटलं, मी नेला डबा तर हा काय नाही म्हणणार आहे?

आता तुला रागावते. मी कितीदा विचारलं होतं की त्या सारणात आंबट काय घालतेस? दरवेळी तुझं एकच उत्तर, "तुले खायाशी काम हाय का नाही?" आता सांग. आठवडाभर मी वड्या तळत होते. चिंचेचा कोळ लावला, लिंबू पिळलं, आमचूर घातलं. सदर बाजारातून जुन्या दुकानाची खसखस आणली. तुझ्या सुनेला विचारलं तर ती बिचारी म्हणाली, "मम्मी किचन में किसी को घुसने ही नहीं देती थीं." खरंच आहे ते. इतकं काय जपून ठेवलंस गं त्यात? शेवटी चिंचेच्या वड्या जरा जवळ आल्या, त्याच भरल्या. डबा तुझाच, झाकणावर पोचा असलेला. तुझ्यासाठी बुद्धवंदना झाली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या सुनेकडून मागून आणला होता.

विनयनं मला न्यायला गाडी पाठवली. माणूस वाईट नाही तो, हे लिहून ठेवते, नाहीतर तू तिकडून मलाच बोलशील. हॉटेलच्या दारात पिशवी तपासणारा म्हणाला, "आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है." मी म्हटलं, हे जेवण नाही, आमच्या मैत्रिणीचा डबा आहे. त्याला काय कळणार?  विनय धावत आला, माझ्या हातातली पिशवी अगदी अदबीनं घेतली आणि ड्रायव्हरकडे दिली. "दीदी, गाडी में रहने दो, बाद में देखते हैं." आणि मी दिली. तू असतीस तर तिथेच फरशीवर मांडी घालून बसली असतीस.

आत स्क्रीनवर गेलेल्यांचे फोटो आले. तुझाही आला. चर्चच्या पायऱ्यांवरचा आपल्या दोघींचा तो फोटो, पण त्यातून तुला एकटीला कापून घेतलेलं. तुझ्या खांद्यावर माझा हात तेवढा राहिला होता. मी शेजारच्या बाईंना सांगायला गेले की तो हात माझा आहे, तोवर पुढचा फोटो आला. मग टाळ्या झाल्या आणि गाणी लागली. जेवताना जो तो आपली प्लेट घेऊन आपापल्या बॅचच्या घोळक्यात उभा. छान जेवण होतं, खोटं कशाला बोलू? दोघी-तिघींना म्हटलं, शशीचा डबा आणलाय, गाडीत आहे, चला ना. एक म्हणाली, तळलेलं बंद आहे. दुसरीनं विचारलं, "कौन शशी?" बरीच नंतरच्या बॅचची होती, तिची काय चूक? पण मी प्लेट तिथेच खाली ठेवली.

येताना ड्रायव्हरला म्हटलं, कॉलेजवरून घे. फाटक उघडं होतं. हॉलला कुलूप, व्हरांड्यात ती दोन लांब टेबलं एकावर एक उलटी रचलेली. मी पायरीवर बसले आणि डबा उघडून शेजारी ठेवला. चादर नव्हती, पदराचं टोक झाकलं त्यावर. होस्टेलच्या दोन मुली आल्या, "नमस्ते आंटी, किसी को ढूंढ रही हैं क्या?" मी डबा पुढे केला. "वडी खाओगी, बेटा?" त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "नहीं आंटी, थँक यू." आणि लगबगीनं गेल्या. बरोबरच आहे. अनोळखी बाईच्या हातचं कोण खातं? आपण खायचो, शशी. त्याच हॉलमध्ये, एकमेकींचं नाव माहीत नसताना.

ऊन उतरेपर्यंत बसले. कुणी आलं नाही.

घरी आले तर नात म्हणाली, "आजी, वेस्ट क्यों करना? तुमने ही बनाया है, तुम ही खा लो." त्या पोरीला नियम कुठला माहीत? डबा फेकायचा धीर नव्हता. मी त्या वड्या ताटात न घेता उभ्यानंच खाल्ल्या. गार झालेल्या, तेलकट, आणि ते आंबट काही जमलेलं नव्हतं. तुझी चव गेली, शशी. तू गेलीस तेव्हा मला वाटलं होतं की निदान ती माझ्या जिभेवर आहे. आता तिथे माझ्याच फसलेल्या वड्यांची चव बसली आहे. त्यासाठी मी स्वतःला माफ कसं करू?

नातीला मग डब्याची सगळी रीत सांगितली, तर तिनं सहज विचारलं, "और तुम्हारा डब्बा कौनसा था, आजी?"

 मी तर दरवर्षी वेगळं न्यायचे. कधी वडाभात, कधी पुरणपोळी, कधी नुसती दशमी-चटणी. माझ्या नावानं काय आणायचं ते फक्त तुला माहीत होतं. काय आणणार होतीस गं? मी कधी विचारलंच नाही, कारण विचारलं असतं तर मी मरणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आता माझा डबा कोणी आणणार नाही. आणायचा म्हटला तरी त्यात काय भरायचं, हे सांगणारं या गावात कोणी उरलं नाही.

विनयचा आज मेसेज आला आहे, पुढचा मेळावाही तिथेच. मी उत्तर दिलेलं नाही.

तुला एवढंच वचन देते. हातपाय चालत असतील तर पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा वड्या करीन, चुकतमाकत का होईना, आणि तुझा डबा घेऊन हॉलच्या त्या पायरीवर बसेन. कोणी हात घातला तर घातला. नाही घातला, तर या खेपेसारखा तो मी खाणार नाही. उपाशी घरी येईन.

तुझी,
मांगं राहिलेली,
कुमुद