साचलेली अठराशे कार्डं

३ फेब्रुवारी, सोमवार

लिहायचं टाळत होतो. दिवाळीपासून! लिहिलं असतं तर आकडाही लिहावा लागला असता. घ्या — अठराशे चाळीस.

दोस्त सुजितबरोबर वांगणीला दोन दिवस म्हणून गेलो, एका फार्महाऊसवरच्या लग्नात लाइटिंग लावायला. तिथून कर्जत, मग कुठे कुठे. जपानी अक्षरांचं अ‍ॅप उघडलंच नाही. ते काय थांबतंय! उजळणीची कार्डं साचत गेली.

आज अंबरनाथला क्लासमध्ये श्रीपाद सरांनी माझी स्क्रीन बघितली. "जपानला म्हाताऱ्यांना सांभाळायला जाणार ना? आधी हे सांभाळ. तेवीस तारखेपर्यंत ढीग संपव, तरच मुलाखतीला नाव." मागून स्वप्नाली हसली. हेंद्रेपाड्याची, बॅचमध्ये पहिली. "हा? आयटीआय सोडलं, जिम सोडली. हे पण सोडेल!"

खोटं नाही बोलली. तेच लागलं.

४ फेब्रुवारी

नवी कार्डं बंद. आधी जुनी.

५ फेब्रुवारी

भारी युक्ती सापडली! कार्ड उलटायचं, वाचायचंच नाही, सरळ "आलं" दाबायचं. तीनशे उडाली!

आई समोर जीन्सचे धागे कापत होती. कॅम्प पाचच्या जीन्स कारखान्यांतून गठ्ठे येतात तिच्याकडे. मान वर न करता म्हणाली, "अभ्यास करतोयस की शेंगा सोलतोयस?"

"तुला काय कळतं गं जपानी?"

"जपानी नाही कळत. तू कळतोस."

जेवण गेलं नाही नीट.

६ फेब्रुवारी

चोरीची तीनशे परत ढिगात टाकली. आईने फोनच काढून घेतला — "बटण मी दाबणार." आता असं: ती कार्ड दाखवते, मी उच्चार आणि अर्थ मोठ्याने सांगतो. मग ती उलटते. मागे मीच मराठीत टाइप केलंय, ते वाचते.

"अडखळलास. पुन्हा."

"अगं, बरोबर होतं!"

"नशिबाने होतं. पुन्हा."

सरांपेक्षा डेंजर आहे बाई!

१२ फेब्रुवारी

दोन अक्षरं जाम छळतात. 持 आणि 待. उजवी बाजू सेम. डावीकडे हात असेल तर मोत्सु, धरणे. चालणारं पाऊल असेल तर मात्सु, थांबणे. आई म्हणे, "पाऊल असून थांबायचं? तुझ्यासाठीच बनवलंय मेल्यांनी!" इतकी हसली की कटर हातातून पडला.

ढीग निम्मा झालाय. निम्मा!!

१५ फेब्रुवारी

सुजितचा फोन. "भाई, माथेरान चलते है, गाडी है आज." खोटं कशाला लिहू, चप्पल घातली. जिन्यापर्यंत गेलो पण. आईने अडवलं नाही. फक्त आतून मोठ्याने विचारलं, "धरणेला काय म्हणतात रे?"

"मोत्सु!" जिन्यातूनच ओरडलो.

"आणि थांबणे?"

परत आलो. शेजारचे श्यामकांतकाका दारातून बघत होते, यांच्या घरात काय चाललंय म्हणून.

१९ फेब्रुवारी

डोळे दुखतात. तरी बसलो.

२२ फेब्रुवारी

शून्य!!!

स्क्रीन कोरी. एकही कार्ड बाकी नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटापर्यंत नेलं, आणि तेही खरं खरं, एक एक करून. आई केसांत निळे धागे घेऊन तशीच शेजारी सांगत सुटली — "आमच्या पोराचं झालं!" काय झालं ते तिलाही नीट सांगता येईना. काकांनी पेढा मागितला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सरांनी पन्नास कार्डं उलटसुलट विचारली. तीन चुकली. नाव लिहून घेतलं! "कोणी शिकवलं रे?" म्हणाले. म्हटलं, आईने. त्यांना थट्टा वाटली. स्वप्नाली आलीच नव्हती, नाहीतर तिचं तोंड बघायचं होतं. असो. संध्याकाळी सुजितबरोबर माथेरान. कमावलंय मी!

तोच दिवस, संध्याकाळ

सॅक पाठीवर, उभ्यानेच लिहितोय. दारात स्वप्नाली आलीय! हेंद्रेपाड्याहून, पत्ता शोधत. रडून आलीय. फोन पुढे केला — दोन हजार नऊशे कार्डं बाकी. डिसेंबरपासून अ‍ॅप उघडलंच नाही म्हणे, सरांना स्क्रीनचा जुनाच फोटो दाखवत होती. माझं नाव लागल्याचं क्लासच्या ग्रुपवर वाचलं तिने. "कोणाला सांगू नकोस. तू कसं केलंस तेवढं सांग."

आई गठ्ठा बाजूला सारतेय. "बस गं. बटण मी दाबते, हा विचारेल."

खाली सुजित हॉर्न मारतोय. मारू दे.