जगातले टेलर आणि आमचे नाना

९ जानेवारी, सायखेडा
टिकली लावली, मंगळसूत्र घातलं, मग नानांना चहा नेला.
महेशला जाऊन दोन महिने होत आले. नामपूरच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. तेव्हा सासरे, म्हणजे नाना, नाशिकला दवाखान्यात होते – हृदयाचं ऑपरेशन. त्यांची बहीण साळूआत्या म्हणाल्या, "एवढ्यात सांगू नको शुभांगी. भाऊ जाईल माझा."
म्हणून नानांसाठी महेश दुबईला कामाला गेलाय. लेकीला, सृष्टीलाही तेच बोलायला शिकवलं. बापाबद्दल खोटं!

१२ जानेवारी
आमचं आडनाव कापडणे, पण गाव नानांना धोंडीराम टेलरच म्हणतं. आता मशीन बंद, दिवसभर पडून असतात. आज सृष्टीनं मोबाइलवर शोधून जगातले नामांकित टेलर वाचून दाखवले. एक अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, एक न्यूझीलंडचा क्रिकेटर.
"तिकडं हे आडनाव असतं नाना. त्यांचे पूर्वज कपडे शिवायचे."
"म्हंजी आपल्याच भावकीतले हायेत."
ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. हे महेशला सांगायला हवं होतं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१३ जानेवारी
दुबईचं नाना काहीच विचारत नाहीत. बरंच आहे.

१५ जानेवारी
काल संक्रांत. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. नाना ओट्यावरून बायकांची ये-जा बघत होते. म्हटलं, डोकं दुखतंय, म्हणून नाही गेले.
"बरं," म्हणाले.

१८ जानेवारी
आज एलिझाबेथ टेलर. सिनेमातली मोठी नटी. सृष्टी वाचत होती – आठ लग्नं केली, त्यातला तिसरा नवरा विमान अपघातात गेला... आणि पोरगी थांबली. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही.
"मग?" नानांनी विचारलं.
"मग पुन्हा लग्न केलं."
"चांगलं केलं. एवढं आयुष्य एकटीनं कसं काढायचं?"
साळूआत्या खवळल्या. "काय बोलतोस भाऊ, पोरीसमोर!" नाना भिंतीकडे तोंड करून झोपले.

२१ जानेवारी
आत्या देवळात, सृष्टी शाळेत. नानांनी हाक मारली.
"महेशचं मला दवाखान्यातच कळलं होतं. तुम्ही एवढं जपत होता, मला सांगवलं नाय." दाराकडे पाहिलं. "साळूला सांगू नको, लय मनाला लावून घेईल."
मी दार लोटून घेतलं.
"बस," म्हणाले. "आता दोघं रडू."