पंपात उरलेलं

१० सप्टें., बुधवार
पालकाचा वाफा पुन्हा उकरला. सातही कोंबड्यांना शिव्या घातल्या, मग कणीही टाकली. मीच लाडावून ठेवल्यात. पण वांग्याखालच्या अळ्या टिपतात, फवारा मारावा लागत नाही. लेकीला, रेणूला, सातवा महिना. बाळंतपणाला आली तेव्हापासून रोज एक अंडं आणि परसातलीच भाजी. शेजारची कांता म्हणाली, "पोरगी चांगली भरली वं!" ती गेल्याबरोबर दृष्ट काढली.

१२ सप्टें., शुक्र.
दुपारी भुरी कोंबडी वांग्यात आडवी पडलेली. पाय ताठ. पलीकडे आणखी दोन. संध्याकाळपर्यंत सहा. सहा!
कांताच्या भाजीत शिरतात म्हणून ती परवाच बोलली होती, "बांधून ठेवजो, नाईतर मंग मले म्हणू नको." तिनेच काहीतरी टाकलं असणार. कुंपणाशी जाऊन नाही नाही ते बोलले. रडली. रडू दे.

१३, शनि.
कांता नव्हे.
यांनी खड्डा खणला, माती लोटली आणि खाली बघतच म्हणाले, "वांग्यावर मीच मारलं होतं. परवा कपाशीचं पंपात थोडं उरलं होतं. एवढं महागाचं औषध, फेकून काऊन देऊ?"
ऐकलं, पण डोक्यात शिरेना. विचारलं, पहिल्यांदाच?
"मांगच्या फवारणीलेही मारलं होतं. तवा काई झालं का?"
मागची फवारणी म्हणजे पोळ्याच्या सुमारास. तेव्हा रेणू इथेच होती. भरली वांगी आवडतात म्हणून मीच आग्रह करकरून...
माझ्या परसात माझाच नवरा विष मारतो आणि मला पत्ता नाही. मी होते कुठे? चक्कीवर असेन. आणि गावभर सांगत फिरते, आमची भाजी बिनफवाऱ्याची!

१४, रवि.
वांगी मुळासकट उपटली. पालकही. उरलेल्या एकीने अंडं दिलं, ते मातीत पुरलं.
माफी मागायला कांताकडे गेले. दारातच उभी राहिले. तिने पाणी दिलं, बस म्हणाली.
रेणूला सांगायचं नव्हतं, तिने ऐकलंच. पोटावर हात ठेवून बसली. "हालून राह्यलं ना आई, मंग ठीकच असन." वर मलाच धीर देते.
यांच्याशी बोललेले नाही. ताट ठेवलं, उठून आले.

१५, सोम.
वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे. यांनी औषधाची बाटली टेबलावर ठेवली. सगळं स्वतःच सांगितलं, काही लपवलं नाही. बोलता बोलता रडले. लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. राग आहे तो आहेच, पण बघवलं नाही.
बाळाचे ठोके ठीक. रक्त घेतलं. बाई म्हणाल्या, "आता तरी बरं दिसते. पण लक्ष ठेवावं लागेल." किती दिवस, ते विचारायचं धाडस झालं नाही.
घरी येताच रेणू म्हणाली, "आई, लय भूक लागली वं."
तुरीच्या डब्यात हात घातला आणि थांबले. तूर आमच्याच वावरातली, फवारलेली. बाजारातून आणू म्हटलं तर तिथल्या तुरीवर कोणी काय मारलं, कोणाला विचारू? डाळ धुतली. पुन्हा धुतली. पुन्हा.
शेवटी वरणभात वाढला. रेणू पोटभर जेवली. आम्ही दोघं तिच्या घासाकडे बघत बसलो.