टक्क झालं की थांबायचं

प्रिय बारक्या,

पाकीट बघून घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबांचं नाव काढलं की तू 'राहू दे ताई' म्हणून मोकळा होतोस. तुझं गाऱ्हाणं मला तोंडपाठ आहे. जन्मभर काळ्या तेलात हात घालणार नाही असं ठणकावून तू गॅरेजमधून निघालास, तिकडे काढलेला तुझा धंदा बसला, आणि मग मान खाली घालून फोनवर विचारलंस की बाबा, मी घरी येऊ का. त्यावर ते म्हणाले, बरं बरं, टायरमधली हवा बघत जा. तेव्हापासून तू त्यांना फोन केला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही केला नसता. पण आता जरा गप्प बसून माझं ऐक.

नट किती आवळायचा ते बाबांना हात सांगायचा, हे तुला माहीतच आहे. पण तो हात अलीकडे जरा जास्तच सांगायला लागला होता. एका गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात पंक्चर झाली, तर बिचारा पान्यावर उभा राहून नाचला तरी चाकाचा नट हलेना. म्हणून मी टॉर्कचा पाना आणला. त्याच्या दांड्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर पडला की तो टक्क वाजतो. टक्क झालं की थांबायचं. बाबा दोन दिवस फुगून बसले आणि मग त्या पान्याच्या असे प्रेमात पडले की मला हात लावू देईनात. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, चाकाच्या नटाचा मोठा, ब्रेकच्या कॅलिपरच्या बारीक बोल्टचा त्याच्या पाव हिश्शाएवढा. गाडीच्या पुस्तकात आकडा शोधायचा आणि मोठ्याने वाचायचा, मगच पाना उचलायचा, अशी शिस्त त्यांनीच लावली.

आणि तरी कॅलिपरचे बोल्ट तुटायला लागले. पहिला तुटला तेव्हा बाबांनी दुकानदाराला फैलावर घेतलं, म्हणे मालच भिकार. दुसऱ्याचे आटे गेले. मला वाटलं, चाकाचा आकडा कॅलिपरला लावत असतील. पुस्तक काढून बघितलं, आकडा बरोबर. पान्यात खोट असेल म्हणून तो तपासायला पाठवला, तोही सरळ निघाला. बरं, चाकाचे नट मात्र एकदाही चुकले नाहीत. मला काही सुचेना. जास्त ताणून कमजोर झालेला एखादा बोल्ट आमच्या नजरेतून सुटला आणि उतारावर कुणाचा ब्रेक गेला तर? बाबांना ब्रेकच्या कामावरून उठवायचं, दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण ते त्यांना सांगायचं कुणी? त्या माणसाकडून गॅरेज काढून घेतलं तर उरतं काय?

म्हणून एके दुपारी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. टक्क झालं, मला ऐकू आलं. बाबा ओढतच होते. मी म्हटलं, बाबा, झालं. त्यांनी वळूनही बघितलं नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाकाच्या नटाला मोठा जोर, तिथे पाना हाताला चांगला झटका देतो. बारीक बोल्टला झटका कसला, नुसता बारीक आवाज. तो आवाज बाबांपर्यंत पोचतच नव्हता, बारक्या. मी टायरच्या चळतीवर बसून रडले, आणि रडता रडता मला तुझा फोन आठवला. तू मुळात बोलतोस पांघरुणात तोंड घालून, आणि त्या दिवशी तर लाजेने आणखी हळू बोलला असशील. काहीच कळलं नाही की बाबा कुठेही खपेल असं उत्तर देतात. वीज कंपनीच्या बाईलासुद्धा त्यांनी हवा बघत जा असं बजावलंय. हसू येत असेल तर हस, मीही हसले.

कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला काय काय करावं लागलं ते समोरासमोर सांगेन. 'मी काय म्हातारा झालो?' इथपासून सुरुवात होती. आता कानात छोटंसं यंत्र आहे. पंखा कुरकुरतो हे त्यांना नव्याने कळलंय. आई स्वयंपाकघरात काय पुटपुटते तेही कळायला लागल्यामुळे तिची पंचाईत झालीय. यंत्र लावल्यावर पहिलाच कॅलिपर बसवताना टक्क झालं, बाबा जागच्या जागी थांबले आणि माझ्याकडे बघून इतके गोड हसले की माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर एकही बोल्ट तुटलेला नाही. ब्रेकचं काम त्यांच्याकडेच आहे.

परवा धीर करून मी त्यांना सांगितलं की तू काय विचारलं होतंस. पुन्हा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं. हातातलं फडकं त्यांनी चुरगाळून टाकलं. मग म्हणाले, "पोरगं घरी येऊ का विचारत होतं, आणि मी त्याला हवा सांगितली?" उठले, आपली गाडी जॅकवर चढवली आणि तुझ्याकडे यायचं म्हणून ब्रेक तपासायला चारही चाकं काढली.

त्यासाठीच हे पत्र. येत्या रविवारी आम्ही तुला न्यायला येतोय. गाडी मी चालवणार, बाबा शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबणार. चाकं काढून बसवली की थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात, तेव्हा तुझ्या दारात उतरल्यावर ते आधी पाना घेऊन चाकापाशी बसतील आणि तुझ्याकडे बघणारही नाहीत. रागावू नकोस, त्यांना संकोच वाटतोय रे. तू जवळ जाऊन बस आणि तेच पुन्हा एकदा विचार. ओरडू नकोस, तुझ्या नेहमीच्या आवाजात विचार. आता त्यांना ऐकू येतं.

रविवारची वाट बघणारी तुझीच,
ताई