काट्याखालचा आरसा

प्रिय मामा,

तुझा व्होल्टेज मोजायचा काट्याचा मीटर पोचला. जुन्या स्वेटरात गुंडाळून वर इतक्या गाठी मारल्या होत्यास की सोडवताना वाटलं, तो उघडलेला तुला नकोच आहे. काचेला ओरखडा नाही. काळी बेकेलाइटची पेटी अजून तशीच जड. फोनवर तू एवढंच म्हणालास, “व्होल्टेज दहाने कमी दाखवतो. म्हातारा झालाय, बघ जरा.” कारखान्यात सुपरवायझरने त्याचा डिजिटल मीटर शेजारी लावून दाखवला आणि सगळे हसले, हे मात्र मला मामीकडून कळलं.

जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरून मी मागचे स्क्रू काढले. आतला सेल गळून पितळी पट्टीवर हिरवा थर चढला होता. बरं वाटलं; दोष डोळ्यांना दिसला की मला बरं वाटतं. पट्टी घासली, सेल बदलला, नॉबखालचे संपर्क स्पिरिटने पुसले, काटा शून्यावर आणला. सगळं बंद केल्यावर लक्षात आलं की तो सेल फक्त रेझिस्टन्स मोजायला लागतो. व्होल्टेजशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला तूच शिकवलंस. कॉलेजात गेले तेव्हा मला ते आधीच येत होतं.

मग ऑफिसातून साहेबांना विचारून प्रमाणित मीटर आणला. दोन्ही एकाच सॉकेटला लावले. दोघांचा आकडा एकच. रेंज बदलली, तरी तेच. पुन्हा उघडला. रेझिस्टर एकेक करून मोजले, काट्याची केसाएवढी स्प्रिंग भिंगाखाली तपासली. खिडकी उघडली, बंद केली, परत येऊन बसले. माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली, “चांगल्या धडधाकट माणसाला किती वेळ ऑपरेशनच्या टेबलावर झोपवणार आहेस?” मी तिच्यावर उगाच खेकसले. मला दोष हवा होता, आणि तो मीटरमध्येच हवा होता.

शेवटी पाठ अवघडली म्हणून उठले. मीटर पुन्हा जोडून सॉकेटला लावला होता, तो तसाच चालू होता. टेबलाला वळसा घालताना सहज नजर गेली, तर काटा दहाने कमी. समोर आले, बरोबर. उजवीकडे सरकले, पुन्हा दहाने कमी. आकड्यांखाली ती आरशाची बारीक पट्टी आहे ना, तिच्यासाठी तू मला स्टुलावर उभं करून सांगायचास: एक डोळा मिट, काट्याचं प्रतिबिंब काट्यामागे लपलं की मगच आकडा वाच, नाहीतर मीटर तुला फसवेल. मी घाई केली की टपली मारायचास. मामा, मीटर ठणठणीत आहे. तू त्याच्याकडे बाजूने बघतोयस. तू, आणि बाजूने.

मी लगेच मामीला फोन केला. ती आधी हसली. “अगं, हल्ली जेवतानासुद्धा कोंबडीसारखी मान वाकडी करून ताटाकडे बघतात. मला वाटलं, माझ्या हातच्या जेवणावर रुसलेत.” मग हळू आवाजात म्हणाली, तुझी बोटं भाजली ती, तू सांगितलंस तशी, इस्त्रीने नव्हेत. या माणसाने जन्मात कधी इस्त्री हातात धरली आहे का? कारखान्यात विजेच्या चालू पॅनेलमध्ये तुझ्या मीटरचा टोकदार प्रोब भलत्या जागी टेकला आणि ठिणगी उडाली, हे तिला कधीच कळलं होतं. तू सांगशील म्हणून ती थांबली होती. तुला मधोमध बघितलं की धूसर दिसत असणार, म्हणून तू कडेने बघतोस, असा माझा अंदाज आहे. मी डॉक्टर नाही. यात माझं चुकलं तर मला फार आवडेल.

फोनवर तू विनोद करून विषय उडवतोस, म्हणून हे पत्र. मुद्दाम माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे, आणि तू स्वतःहून देईपर्यंत याला हात लावू नकोस, असं मामीला बजावलं आहे. कागद समोर सरळ धरून तू एकट्याने इथवर वाचलं असशील, तर माझं चुकलं. फोन कर, हवं तेवढं झाप. मी मीटर घेऊन येते आणि कान पकडते. पण हे मामी वाचत असेल, तर मामी, इथे थांबू नकोस. त्याचा हात धर आणि पुढचं मोठ्याने वाच. मामा, शुक्रवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गुरुवारी संध्याकाळी मी येते. तोवर एकाही पॅनेलला हात लावायचा नाही. मला खूप भीती वाटते आहे.

तुझीच,
चिमटी