आपल्या घराण्यात मुलींना दूध आवडत नाही

मु. बपेरा, ता. तुमसर
भाद्रपद वद्य पंचमी, शके १९००

तीर्थस्वरूप चंद्रभागाबाईस धाकटा भाऊ यादोराव याचा दंडवत. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला? तुमच्या म्हशीनं लाथा मारणं सोडलं का? इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणशील तर माझ्या डोक्यावर गंज ठेवला तर भात शिजेल, इतकं ते तापलेलं आहे.

झालं असं, की आमच्या गावच्या शाळेत पोरांच्या तब्येतीचा सर्व्हे निघाला. (म्हणजे सरकारनं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकवायचं, आणि आपण वरून त्याला चहा पाजायचा.) नागपूरहून एक डॉक्टरीण वजनाचा काटा घेऊन जीपमधून आली. दिवस कोणता निवडावा? हरतालिकेचा! त्या दिवशी पोरी कधी शाळेत येतात का? पण हेडमास्तरांनी घरोघरी निरोप धाडला, एकही पोरगी गैरहजर राहिली तर नाव काढून टाकीन. मग काय, पहाटे नदीवर जाऊन वाळू आणलेल्या, पाण्याचा थेंबही न घेतलेल्या सगळ्या पोरी रांगेत उभ्या. डॉक्टरीण विचारते, सकाळपासून काय खाल्लं? काही नाही. पाणी तरी प्यालीस? तेही नाही. डॉक्टरीण रडायचीच बाकी राहिली. आमची शोभा काट्यावर चढली आणि चक्कर येऊन काट्यासकट आडवी झाली. (काटा सरकारी, म्हणून हेडमास्तर आधी त्याच्याकडे धावले.) शेवटी कोणीतरी उपासाचं सांगितलं. प्रकरण तिथंच मिटायला हवं होतं.

मिटलं नाही. बाकीच्या पोरींना सोडलं आणि डॉक्टरीण शोभालाच धरून बसली. हिची हाडं म्हणे एका दिवसाच्या उपासानं दिसू लागलेली नाहीत. मला शाळेत बोलावून घेतलं आणि सगळ्या मास्तरांसमोर पोरीला विचारलं, घरी दूध कोण पितं? शोभा म्हणाली, “भोजराज पिते.” तू का नाही पीत? “मले आवडत नाही.” कधी पिऊन पाहिलंस? “नाही जी.” यावर मास्तर हसले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मलाही मुंबई आवडत नाही, मी कुठं जाऊन पाहिली आहे? (आमचा पोरगा भोजराज काट्यावर चढला तेव्हा मात्र, काटा बिघडला की काय म्हणून डॉक्टरीण स्वतः चढून पाहून आली. एवढं दूध पिऊन हा गडी बैल आणायला गेला तर बैलच याला घरी घेऊन येतात.)

खरा घाव पुढेच आहे. दसऱ्याआधी तुमसरला तालुक्याच्या शर्यती आहेत. शोभा आमच्या शाळेतून निवडली गेली. पोरगी पोरांनाही मागं टाकते. मी तुमसरच्या बाजारात न्हाव्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलो. आणि या डॉक्टरणीनं हेडमास्तरांना काय बजावावं? ही मुलगी अशक्त आहे, वजन वाढल्याशिवाय हिला धावायला न्यायचं नाही! पोरगी घरी आली ती धान साठवायच्या ढोलीमागे जाऊन बसली. रात्री जेवलीही नाही. मी म्हटलं, “रडून काहून राहिली? मी आहो न!” त्यावर जास्तच रडली. कौशल्या (तुझी भावजय, जी एरवी बोलायची थांबत नाही) तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलत नाही. वाढते आणि भांडी आपटते. बदनामी माझी झाली, आणि आपटते ती!

म्हणून तुला तसदी देतो. डॉक्टरीण पुढच्या बुधवारी पुन्हा येणार आहे. तू तिच्यासमोर उभी राहा आणि ठणकावून सांग, की आपल्या घराण्यात मुलींना दूध आवडतच नाही, ते रक्तातच आहे. घरची गाय असून तू कधी पेल्याला हात लावला नाहीस. आई साऱ्या गावाला सांगायची, “आमच्या चंद्रभागेले दूध आवडत नाही, यादोलेच लागते.” तू जिवंत पुरावा आहेस. (कंबर दुखत असली तर वाकून उभी राहा, पण ये.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा संतापलेला भाऊ
यादो

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो तेवढ्यात सुचलं, की पुरावा घरातच असताना तुला लाखनीहून कशाला ओढायचं? हेडमास्तरांना ओसरीवर आणून बसवलं, भोजराजचा पेला भरून मागवला आणि शोभाच्या हातात दिला. म्हटलं, बघा आता कसं तोंड वाकडं करते. तिनं आधी आईकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. तळाची साय बोटानं पुसून खाल्ली आणि मला विचारलं, “बाबा, अजून आहे काय?” हेडमास्तर चहा न घेताच गेले. तेव्हा तू येऊ नकोस. भाऊजींना विचारून तुमची ती म्हैस तेवढी शर्यतीपर्यंत पाठव. लाथा मी खाईन.

आणखी एक. बाई, रागावू नकोस, पण तुला तेव्हा दूध खरंच आवडत नव्हतं का?