इन्व्हर्टरचा तुलनात्मक तक्ता

९ मार्च १९९७, रविवार. डोंबिवली.
आजपासून रोजनिशी. कारण मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. गच्चीवर सोलर पॅनेल, घरात बॅटरी, मध्ये इन्व्हर्टर. सगळ्या बिल्डिंगची लाइट गेली तरी आमच्याकडे लखलखाट. पॅनेल आणि बॅटरी प्रदर्शनातून आणून झाली. इन्व्हर्टर तेवढा निवडायचा आहे. पंधरा दिवस पुरे. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत बावीस वर्षे पर्चेसला, म्हणजे खरेदी खात्यात, काढली, इन्व्हर्टर म्हणजे काय मोठे!

मंदाकिनीने विचारले, मग आधी इन्व्हर्टरच का नाही आणलात? बायकांना पर्चेसमधले काय कळणार.

१६ मार्च
पद्धत ठरली. ऑफिसातलीच. चौकशीपत्र, तीन कोटेशन्स, तुलनात्मक तक्ता, मग निर्णय. तीन कोटेशन्स नसतील तर मी पेन्सिलसुद्धा घेऊ देत नाही. मंदाकिनी म्हणाली, मला मात्र एकाच कोटेशनवर घेतलेत. मी खूप हसलो. ती हसली नाही बहुतेक.

गच्चीसाठी सोसायटीची परवानगी अजून यायची आहे. तोवर पॅनेल गॅलरीत. कपडे वाळवायची दोरी काढावी लागली. तात्पुरती.

२५ मार्च
दुपारी तीन तास लाइट नव्हती. मंदाकिनी ब्लाउज शिवून देते, तिचे मशीन मोटरवर चालते. ऐन लग्नसराईत सात ब्लाउज अडकले. गिऱ्हाईक बाई दारात उभी राहून बोलून गेली. पायाने चालवायचे जुने मशीन होते, पण ते मीच विकायला लावले. सोलर येणार म्हटल्यावर कशाला हवे?

कोटेशन्स दोन आली. तिसऱ्याशिवाय हलता येत नाही.

५ एप्रिल
कोलशेतला गोमाजी म्हणून एक कोळी आहे. होड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करता करता इन्व्हर्टरच्या धंद्यात आला. त्याच्याकडे गेलेलो. लेखी द्यायला तयार नाही! म्हणाला, कागद कशाला, उद्या घरी लावून देतो, नाय आवडला तर घेऊन जाईन. असे कुठे असते? वर विचारतो, घरात काय काय चालवायचंय, बाईंना विचारलं काय? मी सांगितले, ही टेक्निकल बाब आहे.

८ एप्रिल, गुढीपाडवा
आजच्या मुहूर्तावर इन्व्हर्टर यायचा होता. नाही आला. तिसरे कोटेशन दुसरीकडून मिळवले, पण स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह की महागातला साइन वेव्ह, यावर तक्ता अडला. पॅनेलमुळे गुढी गॅलरीत मावेना, मंदाकिनीने खिडकीला बांधली.

जेवताना ती म्हणाली की ती ठाण्यात खोपटला जाते, सुधीरकडे, म्हणजे तिच्या भावाकडे. तिथे लाइट जात नाही. किती दिवस ते बोलली नाही. मी म्हणालो, अगं जा की, तेवढ्यात मी उरकतो. चार वाजता सुधीर टेम्पो घेऊन आला. मशीन नेले, मोठी ट्रंक नेली, गरम कपडेही नेले. एप्रिलमध्ये गरम कपडे! तिचे पॅकिंग नेहमी असेच.

उत्तम सोय झाली. आता निवांत काम होईल.

२० एप्रिल
बारा दिवसांत तक्ता तीनदा नव्याने केला. फोन केला तर सुधीरने उचलला. ताई कामात आहे म्हणाला. तिला खूप ऑर्डरी मिळाल्यात, हाताखाली एक बाई ठेवलीये, बाहेर बोर्डही लावलाय. फार आनंद झाला. लाइट असली की माणूस कसा कामाला लागतो! माझा मुद्दा तरी दुसरा काय आहे?

बोर्ड कशाला लावला ते विचारायचे राहिले. संध्याकाळी पिठले केले. गाठी झाल्या.

९ मे, अक्षय्य तृतीया
दुसरा मुहूर्त. बॅटरी मेली. गोमाजीला घरी बोलावून दाखवली. म्हणाला, आणून नुसती ठेवलीस, दोन महिने चार्जिंग नाय, मंग मरंल नाय तं काय? मी गॅरंटीचे पत्र तीन प्रतींत तयार केले.

पाणी पिताना त्याने घरभर पाहिले आणि बाई कुठे म्हणून विचारले. म्हटले, भावाकडे, इन्व्हर्टर लागला की येईल. त्याने पेला खाली ठेवला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. विक्रेत्याने इतकी सलगी करू नये.

१८ मे
चूक सापडली! लोड लिस्टच केली नव्हती. बॅकअपवर काय काय हवे हे ज्याला वापरायचे त्याने सांगायचे असते, पर्चेसने नव्हे. ऑफिसात हे मी सगळ्यांना सुनावतो. घरात मात्र मंदाकिनीला विचारलेच नाही. बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाकडून ही चूक!

फॉर्म टाइप करून खोपटला पाठवला. वर घरातील माणसांची संख्या, खाली वस्तू, नग, वॅट, शेरा. माहिती होती तेवढी मीच भरली. परतीचे पाकीट तिकीट लावून. तिला बरे वाटेल. आणि साइन वेव्हच घेणार, तिच्या मशीनची मोटर गुरगुरायला नको. हे मी तक्त्याशिवाय ठरवले. तिला भेटल्यावर सांगणार.

२९ मे
फॉर्म आला. किती सुबक भरलाय! शिलाई मशीन खोडले आहे. मिक्सर खोडला. स्वयंपाकघरातली ट्यूब खोडली, तिच्या बाजूचा पंखा खोडला. राहिले एक पंखा, एक ट्यूब. शंभर वॅट! एवढ्याला सगळ्यात छोटा इन्व्हर्टर पुरतो. अडीच महिन्यांचा घोळ तिने एका फटक्यात संपवला. गोमाजीला फोन करायला उठलोसुद्धा.

मग शेरा वाचला. पंख्यापुढे लिहिले आहे, तुम्हाला उकडते. ट्यूबपुढे, तुम्हाला वाचायला.

वर माणसांची संख्या मी दोन टाइप केली होती. तिने दोन खोडून एक केला आहे. खाडाखोडीपुढे सही हवी, नाहीतर कागद ग्राह्य धरत नाहीत, हे कधीतरी मीच तिला सांगितले असणार. तिथे सही आहे.

बेरीज दोनदा करून पाहिली. कुठेच चुकलेली नाही. मंदाकिनी येणार नाही. खुर्चीत बसून रडलो. लाइट होती, दोन्ही पंखे चालू होते.